इंग्लंडचा किनारा, तीनशे ऐंशी

माझ्यासमोर कोणी 'साधारण' म्हणालं की माझं डोकं फिरतं. चौतीस वर्षं मी इथे अमेरिकेत, राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनियर होते. वळणाला उतार किती द्यायचा, पुलाखाली उंची किती ठेवायची, याचं उत्तर साधारण असं देऊन चालत नाही. नवरा फोनवर "पोचतो साधारण सातपर्यंत" म्हणाला की मी तिथल्या तिथे भांडायचे. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि भांडायला कोणी उरलं नाही. मुलगा जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर राहतो, मुलगी अर्विंगला. दोघांचे रविवारी फोन येतात आणि दोघंही विचारतात, "आई, आर यू ईटिंग प्रॉपरली?" मी हो म्हणते. कॅरी गावातल्या आमच्या घराला चार बेडरूम आहेत. त्यातल्या तीन खोल्यांत मी फक्त धूळ पुसायला जाते.

इथल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांच्या गटाने वृद्धाश्रमात जाऊन वाचून दाखवण्याचा उपक्रम काढला, तेव्हा मी नाव दिलं ते एका नागपूरच्या आजींसाठी. दोन महिने गेले असेन, तेवढ्यात त्यांच्या मुलाने त्यांना कॅलिफोर्नियाला नेलं. मला कोणी कळवलंही नाही. मी पुस्तक आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन रिकाम्या पलंगासमोर उभी. तिथली बाई म्हणाली, दुसरे एक आहेत, अमेरिकन आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, पण स्वभावाने जरा कडक आहेत, आधीचे दोघं टिकले नाहीत. मी म्हटलं, माझ्यासमोरही फार लोक टिकत नाहीत, दाखवा खोली.

ते नव्व्याण्णव वर्षांचे होते. खुर्चीत ताठ बसलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वर्तमानपत्रातलं काय वाचू असं विचारलं, तर म्हणाले, "हवामान." ते वाचलं. मग विचारलं, "वारा?" आणि माझ्या तोंडून चक्क निघालं, "साधारण..." त्यांच्या भुवया वर गेल्या. मी स्वतःवरच चिडून म्हणाले, "नैर्ऋत्येकडून, ताशी नऊ मैल." ते म्हणाले, "थँक यू." त्या दिवसापासून आमचं जमलं.

महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते. विमानात दहा माणसं. पायलट विमान चालवायचा, पण विमान आत्ता कुठे आहे आणि कुठे वळायचं हे सांगायचं काम यांचं. नाकाजवळच्या लहानशा टेबलाशी नकाशा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसायचं आणि दर काही मिनिटांनी कागदावर नोंद करायची: वेळ, दिशा, वेग, उंची. बाहेरची थंडी इतकी, की हातमोज्यांवर हातमोजे. पेन्सिल दोऱ्याने मनगटाला बांधलेली, कारण ती खाली पडली तर वाकून शोधताना ऑक्सिजनची नळी निसटायची. मोहिमेच्या दिवशी सकाळी खरी अंडी मिळायची, एरवी पावडरीची. त्यामुळे ताटात खरं अंडं दिसलं की सगळ्यांना कळायचं, आज जायचंय. वृद्धाश्रमातही ते अंड्याला हात लावत नसत, आणि तिथल्या स्वयंपाकघराला हे पटवताना मी दोनदा आवाज चढवला आहे.

त्यांनी मला एक नियम सांगितला होता. पायलटने इंटरकॉमवर विचारलं, की नॅव्हिगेटरने फक्त आकडा सांगायचा. 'मला वाटतं' म्हणायचं नाही, कारण द्यायचं नाही. बाकीचे आठ जण आपापल्या जागी एकटे बसून कान देऊन ऐकत असतात. नॅव्हिगेटर समजावून सांगायला लागला, की सगळ्यांना कळतं, याला खात्री नाही. मला हा नियम इतका आवडला, की मी तो मुलीला फोनवर सांगितला. ती म्हणाली, "आई, दॅट्स हाऊ यू टॉक टु अस."

आठवड्यातून एकदा जायचं ठरलं होतं, ते तीनदा झालं. वाचायचं कमी आणि ऐकायचं जास्त. अकरा मोहिमा ते मला क्रमाने सांगत होते, एका दिवशी एक. आकाशात फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे काळे ढग, शेजारचं विमान एकदम नाहीसं होणं, परतल्यावर जेवणाच्या लांब टेबलावर राहिलेल्या रिकाम्या जागा. हे सगळं ते एका सुरात सांगायचे. बाराव्या मोहिमेपाशी आले आणि थांबले. तीन आठवडे आम्ही पुन्हा हवामानच वाचत होतो.

मग एका दुपारी म्हणाले, "कपाटात पत्र्याचा डबा आहे. तो काढ."

डब्यात घडी घातलेला एक कागद होता, पिवळा पडलेला, पेन्सिलीने भरलेला. बाराव्या मोहिमेची त्यांची नोंद. त्या दिवशी जर्मनीच्या दक्षिण भागात त्यांच्या विमानाला तोफगोळा लागला. चारपैकी एक इंजिन बंद, दुसरं अडखळतंय, पंखातून पेट्रोल गळतंय. इंजिनांकडे बघणाऱ्याने सांगितलं की पेट्रोल एकशे साठ मिनिटांचं आहे. पायलटने विचारलं, नॅव्हिगेटर, इंग्लंड की स्वित्झर्लंड? स्वित्झर्लंड युद्धात नव्हतं. तिथे उतरलं तर जीव वाचणार, पण त्या देशाच्या नियमाने विमान जप्त आणि माणसं युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध. शिवाय, मुद्दाम तिकडे वळून लढाईतून अंग काढून घेतलं असं मागून बोललं जायचं.

"मी भागाकार सुरू केला होता," ते म्हणाले. "पुरा केला नव्हता. पायलटने परत विचारलं. मी म्हणालो, इंग्लंड नाही. दोनशे वीस अंश. तो म्हणाला, शुअर? मी म्हणालो, शुअर."

स्वित्झर्लंडमध्ये त्यांना डोंगरातल्या एका मोठ्या हॉटेलात ठेवलं. पाहुणे नाहीत, कोळसा नाही, खोल्या गारठलेल्या. जेवायला बटाटे आणि काळा पाव. सकाळ-संध्याकाळ हजेरी. बाकी दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसायचं. मी म्हटलं, "आमचे लोक तिथे हनिमूनला जातात, तेच डोंगर बघायला." ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग म्हणाले, चांगलं ठेवलं होतं, मारहाण नाही, काही नाही, कोणाला तक्रार करता येत नव्हती आणि कोणाला जाता येत नव्हतं. हे ऐकताना मला एकदम भडभडून आलं. आम्ही पाच वर्षांसाठी म्हणून या देशात आलो होतो. इथे मला कोणी अडवून ठेवलेलं नाही, आणि तरी त्या हॉटेलातल्या दुपारी मला ओळखीच्या वाटल्या. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुझ्याकडे गाडी आहे."

विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसणारा त्यांचा गनर बत्तीस वर्षांचा होता. क्रूमध्ये सगळ्यात मोठा, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणायचे. त्याला बायको होती आणि न पाहिलेली मुलगी होती. त्याला ते हॉटेल सोसेना. एका पहाटे तो फ्रान्सच्या सरहद्दीकडे पळाला, पकडला गेला, आणि पळणाऱ्यांना ठेवायच्या शिक्षेच्या छावणीत गेला. तिथे गवतावर झोपायचं, चिखलात राहायचं. न्यूमोनिया झाला आणि युद्ध संपायच्या थोडं आधी तो गेला. त्याच्या बायकोने पुढे कितीतरी वर्षं नाताळला यांना कार्ड पाठवलं, आत लिहिलेलं असायचं, तुम्ही सगळे सुखरूप उतरलात हे बरं झालं.

"इंग्लंडला पोचलो असतो तर तो घरी गेला असता," ते म्हणाले. "त्या कागदावर सगळे आकडे आहेत. स्वित्झर्लंडला उतरल्यावर कागद जाळायचा हुकूम होता, मी हा एक बुटात लपवला. पण डोळे होते तोपर्यंत उघडायचा धीर झाला नाही. आता धीर आला तर डोळे गेले. तू इंजिनियर आहेस. भागाकार पुरा कर आणि मला सांग, पोचलो असतो की नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी माझं मनगट पकडलं. "दया नको. आकडा हवा."

खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. चार वर्षांत माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. मुलं विचारपूस करतात, पण मागत काही नाहीत. मी कागद घरी आणला, जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले. तीन दिवस एकेक आकडा ओळखत होते. पुसट झालेलं अक्षर, त्यात मोजे घातलेला हात. शेवटच्या ओळी मात्र स्पष्ट होत्या. विमान कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश. वारा धरून जमिनीवरचा वेग, ताशी १५० मैल. इंग्लंडचा किनारा, ३८०. पेट्रोल, १६० मिनिटं. त्याखाली अर्धवट भागाकार आणि एक आडवी रेघ.

मी भागाकार पुरा केला. तीनशे ऐंशी भागिले दीडशे. एकशे बावन्न मिनिटं. पेट्रोल एकशे साठ मिनिटांचं. आठ मिनिटं शिल्लक.

तीन वेळा केलं, तेच आलं. त्यांना काय सांगायचं याचा मी दोन दिवस विचार केला, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी दुसऱ्याच सकाळी गेले. आकडा हवा म्हणाले होते, दया नको म्हणाले होते, आणि आकडा दाबून ठेवणं मला जमत नाही. मी समोर बसले आणि सांगितलं, "पोचला असतात. आठ मिनिटं शिल्लक."

त्यांनी मान हलवली. "शुअर?"

"शुअर," मी म्हणाले.

मग मला म्हणाले, उन्हं आली असतील तर पडदा ओढून घे. मी पडदा ओढला. जाताना त्यांचा हात हातात घेतला, तो त्यांनी घेऊ दिला, पण बोटं मिटली नाहीत. त्यानंतरच्या दोन खेपांना ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. नर्स म्हणाली, जेवण कमी झालंय. मी स्वतःला समजावलं, खरं ते खरं, त्यांनीच मागितलं होतं. घरी येऊन मी ओटा घासला, मग घासलेला ओटा परत घासला.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे कॅप्टन आले. हे माझ्या नवऱ्याचे मित्र, आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, आता इथे मुलीजवळ राहतात. महिन्यातून एकदा येतात, पोहे खातात, नवऱ्याच्या फोटोसमोर क्षणभर उभे राहतात. टेबलावर तो कागद आणि माझं गणित तसंच पडलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला.

"वहिनी, हे डिस्टन्स कशात मेजर केलंय?"

"मैलात. अजून कशात?"

"कुठल्या मैलात?"

"कुठल्या म्हणजे? मैल तो मैल."

कॅप्टननी कागद माझ्यापुढे सरकवला. "अहो, नॅव्हिगेटर ना हा? आम्ही नकाशावर कंपासने अंतर घेतो ते बाजूच्या अक्षांशांच्या पट्टीवर मोजतो. तो सागरी मैल असतो, मोठा. हा वेग विमानातल्या काट्यावरून काढलेला दिसतोय, तो साधा मैल असणार. त्याने नंतर कन्व्हर्ट केलं असतं, पण हा भागाकार अर्धाच सोडलाय. तुम्ही मॅपवर चेक केलं नाहीत?"

मी चेक केलं नव्हतं. चौतीस वर्षं हाताखालच्या लोकांना मी सांगत आले, दुसऱ्याने लिहिलेलं अंतर घ्यायचं नाही, स्वतः मोजायचं. आणि इथे नोंदीतला आकडा डोळे झाकून घेतला, कारण रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात दुसरा मैल येतच नाही. मी लॅपटॉप उघडला. कागदावरचे अक्षांश-रेखांश टाकले, तिथून इंग्लंडचा किनारा. चारशे सदतीस साधे मैल. भागिले दीडशे. एकशे पंचाहत्तर मिनिटं.

पंधरा मिनिटं कमी. किनारा सदतीस मैल दूर असताना इंजिनं थांबली असती. खाली एकतर शत्रूच्या ताब्यातली जमीन, नाहीतर गोठवणारं पाणी. दहाच्या दहा माणसं. विशीतल्या त्या मुलाने भागाकार पुरा न करता जे सांगितलं होतं ते बरोबर होतं. त्याने नऊ जणांचे जीव वाचवले होते, आणि मी त्याला सांगून आले होते की तुझ्यामुळे एक गेला.

कॅप्टनना पोह्यांसमोर तसंच सोडून मी गाडी काढली. वाटेत मी मोठमोठ्याने मराठीत बोलत होते, कोणाशी ते माहीत नाही.

ते जागे होते. उशीला टेकून बसवलेले, गालांची हाडं वर आलेली. मी खुर्ची ओढली आणि धापा टाकत बोलायला लागले. म्हटलं, माझी चूक झाली, अंतर सागरी मैलांत होतं आणि वेग साध्या मैलांत, मी दोन्ही एकच धरले, आता नकाशावर मोजून आले, चारशे सदतीस, एकशे पंचाहत्तर मिनिटं, तुम्ही पोचला नसतात, पंधरा मिनिटं कमी पडली असती, तुमचं बरोबर होतं, ऐकताय ना, तुमचं बरोबर होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "मी अंतर नेहमी आधी बदलून मग लिहायचो."

"या वेळी नाही बदललं. मी मोजलंय."

"नेहमी बदलायचो," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. मला रागावलेले चालले असते. "त्या दिवशी तू येऊन आकडा सांगितलास आणि गप्प बसलीस. आज तू समजावतेयस."

"कारण आज मला चूक सापडली!" माझा आवाज इतका चढला की नर्स दारात आली.

त्यांनी माझा हात शोधला, आणि या वेळी घट्ट धरला. "यू आर अ काइंड वुमन," म्हणाले. मला जन्मात कोणी हे म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही, आणि त्याचं माझ्यावर प्रेम होतं. मी कागद काढला, आकडे परत वाचले, एक-एक करून. त्यांना मी शपथ घातली. म्हटलं, मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू. ते डोळे मिटून हसत होते, लहान मुलाने काहीतरी लपवलेलं मोठ्यांना आधीच दिसलेलं असावं तसं. त्यानंतर मी कॅप्टनना घेऊन गेले. कॅप्टननी त्यांच्या भाषेत सांगितलं, नकाशा वाचणाऱ्याने नकाशा वाचणाऱ्याला सांगावं तसं. ते कॅप्टनना म्हणाले, "ही तुमची मैत्रीण भली आहे, तुम्हालाही कामाला लावलं."

ते अकरा दिवसांनी गेले.

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्येच सभा झाली. वीसेक माणसं, त्यातली निम्मी तिथे काम करणारी. सैन्यातून दोन तरुण आले होते, त्यांनी झेंड्याची घडी घालून मुलीच्या हातात दिली. त्यांची मुलगी पंच्याहत्तरीच्या आसपासची, ओरेगनहून आलेली. क्रूमधलं कोणीच उरलं नव्हतं, ते शेवटचे होते. कोणीतरी उठून ते किती शिस्तीचे होते ते सांगितलं. मी मागच्या रांगेत बसले होते, पर्समध्ये गणित होतं, व्यवस्थित परत उतरवलेलं, दोन्ही मैल वेगवेगळ्या रकान्यांत. ते मुलीला द्यायचं असं मी ठरवून आले होते. निदान तिला तरी माहीत हवं.

सभा संपल्यावर तीच मला शोधत आली. तिने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. म्हणाली, "डॅड फोनवर सारखं तुमच्याबद्दल बोलायचे. तुम्ही आधी खरं सांगितलंत, आणि मग परत येऊन त्यांच्यासाठी खोटं बोललात. ते म्हणाले, एवढं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं."

मी पर्स उघडली. "मी खोटं बोलले नव्हते," मी म्हणाले. "ते खरंच पोचले नसते. हे बघा, मी मोजलंय."

तिने कागद घेतला, न उघडता छातीशी धरला, आणि डोळे पुसत माझ्या गालाला हात लावला.

"ऑफ कोर्स, हनी," ती म्हणाली.